ती 'मेलेलं बरं' म्हणाली, तुम्ही बातमी केलीत

आमच्या आत्याचा व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा होता. त्यात ती स्वतः अकरा सेकंद बोलते. उरलेल्या वेळात बासरी वाजते, कॅमेरा तिच्या पायांवरून हळूहळू चेहऱ्याकडे जातो आणि निवेदक जड आवाजात सांगतो की ही माउली आता फक्त एकच मागणं मागते आहे. थंबनेलवर तिचा उघडा राहिलेला ओठ, लाल गोल आणि पिवळ्या अक्षरांत ओळ: 'मला मरू द्या!'

आत्याने हे वाक्य उच्चारलंच नव्हतं.

ती काय म्हणाली होती ते मला माहीत आहे, कारण मी तिच्या उशाशी बसले होते. तिला मोटर न्यूरॉन डिसीज होता. या आजारात मेंदू शाबूत राहतो आणि स्नायू एकेक करून संपावर जातात. हात गेले, पाय गेले, मग जीभ जड झाली, मग गिळणं अवघड झालं. २०२२ साल होतं. रात्री तिच्या घशात कफ अडकायचा आणि तो काढायला कुणी नसायचं. मामा, म्हणजे तिचे यजमान, सत्तरीचे. त्यांना रात्री दोनदा उठवलं की तिसऱ्यांदा हाक ऐकू यायची नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "रातभर कफ अडकतोय बघ बाळ, झोप न्हाई. मशीन तरी मिळवून दे कुठनं. त्यापरीस मेलेलं बरं."

तीन वाक्यं. त्यातलं शेवटचं तेवढं त्यांनी ठेवलं आणि त्याचंही भाषांतर केलं. मराठीतून मराठीत.

आमच्या भागातली कुठलीही बाई 'मेलेलं बरं' दिवसातून एकदा तरी म्हणते. नळाला पाणी आलं नाही तरी म्हणते, सुनेने भात करपवला तरी म्हणते. निरोगी बाईने म्हटलं तर कुणी न्यायालयात धाव घेत नाही. अंथरुणावरच्या बाईने म्हटलं की मात्र ती 'इच्छामरणाची याचना' होते. तिने खरी याचना सक्शन मशीनची केली होती. कफ ओढून काढणारं एक छोटं यंत्र, जे भाड्याने मिळतं. त्या चॅनलवाल्याला घरी बोलावलं होतं तेही त्यासाठीच. कुणाच्या तरी ओळखीने आला होता, मदतीचं आवाहन करू म्हणाला होता. व्हिडिओत मशीनचा उल्लेख नव्हता.

मला त्या एका चॅनलवर राग काढायचा नाही, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. तो पोरगा माझ्याच वयाचा होता आणि त्याने जे केलं ते तो कुठूनतरी शिकला होता. कुठून शिकला, ते सांगायला हा लेख आहे.

शानबाग सिस्टर

महाराष्ट्रात इच्छामरण म्हटलं की एकच नाव येतं: अरुणा. पहिली गोष्ट इथेच खटकायला हवी. केईएममध्ये काम करणारी पंचवीस वर्षांची परिचारिका. रुग्णालयात तिला 'सिस्टर' म्हणत असणार. बातमीत ती चार दशकं 'अरुणा' राहिली, आपल्या घरातली कुणी धाकटी असावी तशी. न्यायाधीशांना आडनाव, वकिलांना आडनाव, याचिका करणाऱ्या लेखिकेला आडनाव. पलंगावर जी होती तिला फक्त नाव. मी या लेखात त्यांना शानबाग सिस्टर म्हणणार आहे.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या आवारातच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, लैंगिक अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची; लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. शानबाग सिस्टर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षं, त्याच रुग्णालयात होत्या.

आता २०१५ च्या त्या दिवशीचे मथळे आठवा, किंवा शोधून बघा. '४२ वर्षं कोमात' हे शब्द जिथेतिथे सापडतील. त्या कोमात नव्हत्या. कोमातला माणूस डोळे उघडत नाही, झोपणं आणि जागं होणं हे चक्र त्याला नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत तीन डॉक्टरांची समिती नेमली होती. समितीने त्यांना तपासलं, अहवाल दिला, तो निकालपत्रात छापला गेला. त्यांचे डोळे उघडे असायचे, त्या आवाज करायच्या, बरीच वर्षं भरवलेलं कुस्करलेलं अन्न तोंडाने खात होत्या. वैद्यकीय भाषेत ही दीर्घकालीन 'व्हेजिटेटिव्ह' अवस्था. मेंदू मृत नव्हता. हे सगळं २०११ पासून सार्वजनिक आहे. तरी चार वर्षांनी मथळ्यात 'कोमा'च आला, कारण कोमा हा शब्द सिनेमातून सगळ्यांना माहीत आहे आणि दुसरा समजावून सांगायला दोन वाक्यं जास्त लागतात.

मेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायची तसदी कुणी घेतली नाही, एवढाच याचा अर्थ.

मग फोटो. दोनच असायचे आणि शेजारी शेजारी असायचे. एक तरुणपणीचा कृष्णधवल, दुसरा पलंगावरचा: केस बारीक कापलेले, तोंड वाकडं झालेलं. आधी आणि नंतर. वजन कमी करण्याच्या जाहिरातीसारखी ही मांडणी. दुसऱ्या फोटोला परवानगी कुणी दिली? त्या देऊ शकत नव्हत्या. पण त्या काहीच करू शकत नाहीत, हे तर बातमीचं मुख्य वाक्य होतं. म्हणजे जिची संमती घेता येत नाही हाच बातमीचा विषय, आणि तिचाच फोटो संमतीशिवाय. खोलीत माणसांची गर्दी झाली की त्यांना त्रास होतो, असं रुग्णालयाकडून त्या प्रकरणात सांगितलं गेलं होतं. त्यावरून तरी कॅमेऱ्यांनी काही शिकायला हवं होतं.

'इच्छा' कुणाची?

मराठी माध्यमांनी या सगळ्यासाठी एकच शब्द ठरवून टाकला आहे: इच्छामरण. ऐकायला भारदस्त आहे. शरपंजरी पडलेले भीष्म डोळ्यांसमोर येतात, उत्तरायणाची वाट बघणारे. पण शानबाग सिस्टरांच्या प्रकरणात इच्छा कुणाची होती? त्यांची इच्छा काय हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं. सगळा खटलाच त्या न कळण्याबद्दल होता. तरी '... यांचं इच्छामरण फेटाळलं' असं आपण वाचत राहिलो, जणू त्यांनी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. 'इच्छामरण' या एका पोत्यात किमान चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक, डॉक्टरने इंजेक्शन देऊन रुग्णाचं आयुष्य संपवणं. हे भारतात गुन्हा आहे, २०११ च्या आणि २०१८ च्या निकालानंतरही. दोन, बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार काढून घेणं. तीन, असे उपचार सुरूच न करणं. या दोन्हींना ठरावीक प्रक्रियेने परवानगी आहे. चार, माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवणं की माझ्यावर वेळ आली तर अमुक उपचार करू नका. याला लोक 'लिव्हिंग विल' म्हणतात आणि ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याला मान्यता दिली.

पहिल्या गोष्टीत मृत्यू घडवला जातो. बाकीच्यांत तो अडवला जात नाही. या फरकावर पन्नास वर्षं जगभर वाद चालला आहे आणि फरक खरा की खोटा यावर शहाण्या माणसांचं एकमत नाही. पण वाद घालायला आधी फरक माहीत हवा. 'इच्छामरणाला सर्वोच्च न्यायालयाची मंजुरी' असा मथळा वाचून आमच्या घरी एक काका म्हणाले होते, "म्हणजे आता डॉक्टर सुई देऊ शकतात." हे काका निवृत्त शिक्षक आहेत, रोज दोन पेपर वाचतात. गैरसमज त्यांचा, पण तो पुरवला कुणी?

शब्द कुणासाठी वापरायचा हेही ठरलेलं असतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी औषध आणि अन्नपाणी नाकारलं, १५ तारखेला ते गेले. १९६६ मध्ये सावरकरांनी अन्न आणि औषधं सोडून देह ठेवला. या दोघांसाठी मराठीने प्रायोपवेशन, आत्मार्पण, निर्वाण असे शब्द काढून ठेवले आहेत. त्यांच्याकडे निर्णय होता, भूमिका होती, हे सगळ्यांना मान्य आहे. तीच गोष्ट गल्लीतली बाई म्हणाली की ती 'टाहो फोडते', 'आर्त हाक देते', 'याचना करते'. थोर माणूस मरण ठरवतो. साधा माणूस मरण मागतो. माझ्या आत्याने पतसंस्थेत एकतीस वर्षं हिशेब सांभाळले. तिने आयुष्यात कुणाकडे याचना केली नव्हती.

कापाकापी

मरणाऱ्या माणसाची चित्रफीत कापली की तिच्यातून हवं ते निघतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात टेरी शायव्हो या स्त्रीच्या बाबतीत हे जगाने बघितलं. तिची अन्ननळी काढावी असं नवऱ्याचं म्हणणं, काढू नये असं आईवडिलांचं. तासन् तास केलेल्या चित्रीकरणातून निवडलेली काही मिनिटं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. त्यात फुगा फिरतो आणि तिचे डोळे त्याच्यामागे फिरल्यासारखे दिसतात. सिनेटमधला एक मोठा नेता, जो व्यवसायाने हृदयशल्यविशारद होता, त्याने चित्रफीत बघून सभागृहातच निदानावर शंका घेतली. ३१ मार्च २००५ रोजी ती गेली. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूचं वजन अपेक्षेच्या जवळपास निम्मं उरलं होतं आणि दृष्टीचा भाग इतका खराब झाला होता की तिला दिसणं शक्यच नव्हतं.

तिथे कापाकापीने तिला 'जगायचंय' असं म्हणायला लावलं. आत्याच्या व्हिडिओत कापाकापीने 'मरायचंय' म्हणायला लावलं. बाजू उलट, पद्धत तीच. म्हणून हा प्रश्न इच्छामरणाच्या बाजूचा किंवा विरोधाचा नाही.

२०१९ मध्ये तर न घडलेलंच छापलं गेलं. नेदरलँड्समधली सतरा वर्षांची एक मुलगी वारली. बऱ्याच वर्षांच्या मानसिक आजाराने ती खचली होती. जगभरच्या माध्यमांनी बातमी दिली की त्या देशाने किशोरवयीन मुलीला कायदेशीर इच्छामरण दिलं. तिला ते मिळालं नव्हतं. तिने पूर्वी विचारणा केली होती आणि नकार मिळाला होता. डच भाषा येणाऱ्या एका पत्रकाराने स्थानिक बातमी नीट वाचली तेव्हा हे बाहेर आलं. तोवर अर्ध्या जगाने मत बनवून टाकलं होतं. नंतरची दुरुस्ती किती जणांनी वाचली असेल?

भूमिका दोनच

बातमीत मरणाऱ्या माणसाला दोनच भूमिका मिळतात. एक: तो याचक. वेदनेने पिळवटलेला, मृत्यूशिवाय दुसरं काही न मागणारा. दोन: तो लढवय्या. हसतमुख, 'कॅन्सरला हरवणारा', सगळ्यांना प्रेरणा देणारा. पहिल्याला आपण मरू द्यावं, दुसऱ्याला टाळ्या द्याव्यात. मधल्या माणसाला जागाच नाही. म्हणजे ज्याला मंगळवारी मरावंसं वाटतं आणि बुधवारी आमरस खावासा वाटतो, त्याला. आणि मी पाहिलेले सगळे आजारी लोक या मधल्या प्रकारातले आहेत.

मुंबईतल्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहिलं की आम्हाला दोघांना मरणाची परवानगी द्या. दोघांनाही जीवघेणा आजार नव्हता. मूलबाळ नव्हतं, आणि पुढे परावलंबी व्हायचं नव्हतं. विचार करायला लावणारी गोष्ट. या शहरात ऐंशीच्या घरातल्या माणसाला उद्याची इतकी धास्ती का वाटावी? रात्री पडलो तर कोण उचलेल, याचं उत्तर शहराकडे का नसावं? पण बातम्यांत ते झाले 'एकत्र मरू इच्छिणारं प्रेमळ जोडपं'. फोटो काढले, बाइट घेतले, गाडी पुढे गेली.

काळजी घेणाऱ्यांचंही असंच होतं. केईएमच्या परिचारिकांबद्दल लिहिताना 'ममता', 'माया', 'मुलीसारखं जपलं' हे शब्द संपत नाहीत. माया असेलच. पण निकालात एक गोष्ट नोंदवलेली आहे: इतक्या वर्षांत शानबाग सिस्टरांच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळला आहे त्याला याचा अर्थ कळेल. दर काही तासांनी कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, चादरीला सुरकुती राहू न देणं. आणि हे तीन पाळ्यांत, निवृत्त होणाऱ्यांनी नव्या मुलींना शिकवत, चार दशकं. हे कौशल्य आहे. माया असलेल्या पुष्कळ घरांत बेडसोअर होतात, आमच्याही घरात झाला. त्या कामाला माया म्हणून सोडून दिलं की ते शिकवण्याची, त्यासाठी माणसं नेमण्याची, त्यांना पगार देण्याची चर्चा करावी लागत नाही.

जे दाखवलं जात नाही

इच्छामरणाच्या चर्चेत चौकटीत चार माणसं बसतात: वकील, धर्मगुरू, डॉक्टर आणि कुणीतरी नट. पॅलिएटिव्ह केअरवाला फार क्वचित असतो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होत नसतानाही दुखणं, धाप, कफ, भीती कमी करण्याचं वैद्यकशास्त्र. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असं केंद्र आहे. केरळमध्ये तर गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन हे काम करतात. तरी २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मृत्यूसमयीच्या काळजीच्या दर्जात ऐंशी देशांमध्ये भारत ६७ वा होता.

मॉर्फीनचं उदाहरण घ्या. कॅन्सरच्या शेवटच्या वेदनांवर तोंडाने घ्यायची ही गोळी स्वस्त आहे. ज्या अफूपासून ती बनते ती आपल्या देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात, परवान्याने पिकवली जाते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने कागदपत्रांचा असा डोंगर केला की डॉक्टर आणि औषधदुकानदार तिच्यापासून लांब राहिले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, सवयी मात्र त्या वेगाने बदलल्या नाहीत. वेदनेने ओरडणारा माणूस दाखवून 'याला मरू द्यावं का?' असा पोल घेणाऱ्या अँकरने आधी विचारायला हवं, 'याला मॉर्फीन मिळालं का?' या प्रश्नावर पोल घेता येत नाही. उत्तर होय किंवा नाही असतं, आणि नाही असेल तर कुणाला तरी जाब विचारावा लागतो.

२०२४ मध्ये एका आईवडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. मुलगा २०१३ मध्ये इमारतीवरून पडला, तेव्हापासून अंथरुणात, नळीवाटे अन्न. तो कुठल्याही यंत्रावर नाही असं सांगून न्यायालयाने जुलैमध्ये अर्ज फेटाळला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा त्या वर्षी आधी ठरलं ते हे, की सरकारने घरी उपचारांची मदत करावी. बघा क्रम: अकरा वर्षं आईवडील एकटे, मग मरणाचा अर्ज, मग मदत. 'आईबापच मागतात मुलाचं मरण' हा मथळा देणाऱ्यांनी त्या अकरा वर्षांत त्या घराचा दरवाजा किती वेळा वाजवला होता?

"पण कॅमेरा नसता तर कायदा बदलला नसता"

हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. शानबाग सिस्टरांची गोष्ट पिंकी विराणींनी १९९८ मध्ये पुस्तकातून मांडली नसती, मग याचिका केली नसती, तर ७ मार्च २०११ चा निकाल आला नसता. न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली, पण उपचार थांबवण्याचा रस्ता त्याच निकालाने देशात पहिल्यांदा उघडला. लपवून ठेवलेल्या मरणाबद्दल कायदे होत नाहीत, हे खरं.

पण रस्ता उघडला तो युक्तिवादाने, वैद्यकीय अहवालाने, वर्षानुवर्षं चिकटून केलेल्या कामाने. वाकड्या तोंडाच्या फोटोने काय केलं? त्याने लाखो लोकांच्या मनात असं पक्कं केलं की असं दिसणारं आयुष्य जगण्यालायक नाही. पक्षाघाताने तोंड वाकडं झालेली माणसं आपल्या गल्लीत राहतात. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं शाळेत जातात. २०१६ मध्ये 'मी बिफोर यू' नावाचा इंग्रजी सिनेमा आला. चाकाच्या खुर्चीतला श्रीमंत तरुण शेवटी मरण निवडतो. अनेक अपंग लोकांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. आम्ही मेलेलंच बरं असं तुम्ही का दाखवता, हा त्यांचा साधा प्रश्न होता. तोच प्रश्न आपल्या बातम्यांना लागू आहे.

आणि नियम करता येतात, केलेही आहेत. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारली: भडक मथळा नको, पद्धतीचं वर्णन नको, फोटो नको. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीविना छापायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. मरणाऱ्या माणसाला एवढं तरी संरक्षण का नसावं? माझी मागणी फार नाही. संमती, आणि ती मागे घेता येण्याची सोय. पूर्ण वाक्य. 'इच्छामरण' लिहिण्याआधी नेमकं काय मागितलं आहे ते लिहिणं. आणि बातमीत एक ओळ: या माणसाला काळजी मिळत होती का, नसेल तर का नाही.

आत्याचं काय झालं

व्हिडिओ दोन दिवसांत गावभर झाला. शेजारणी येऊन रडून गेल्या. एका नातेवाइकाने मामांना बाजूला घेऊन विचारलं, "मग आता काय ठरवलंय?" मामा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. बायकोला मारायला निघालेला माणूस अशी त्यांची ओळख झाली होती. व्हिडिओ काढा म्हणून मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "ताई, चांगला चाललाय."

सक्शन मशीन शेवटी भाड्याने मिळालं. रात्रीसाठी ब्युरोची बाई ठेवली, पैसे आम्ही भावंडांनी वाटून घेतले. आत्याला झोप लागायला लागली आणि 'मेलेलं बरं' बंद झालं.

इथे गोष्ट संपवली तर मीही कापाकापी केल्यासारखं होईल. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलची प्रक्रिया सोपी केली. दंडाधिकाऱ्याची सही लागायची त्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असं ठरलं. मी आत्याला सहज वाचून दाखवलं. तिने डोळ्यांनी खूण केली, अक्षरांचा तक्ता आण. अर्धा तास लागला. तिने एकेक अक्षर दाखवत सांगितलं: घशाला भोक नको, मशीनवर ठेवू नका, घरीच. आम्ही दोन साक्षीदार आणले, नोटरी आणला. तो कागद वाचून दाखवताना ती पुरती जागी होती आणि एका ठिकाणी तिने शब्द दुरुस्त करायला लावला.

म्हणजे आत्याला मरणाबद्दल सांगायचं होतंच. विचारपूर्वक, अटींसह, पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदासारखं. ते ऐकायला अर्धा तास आणि एक तक्ता लागत होता. अकरा सेकंदात ते मावत नव्हतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत ती घरी गेली. व्हिडिओ अजून आहे. पुढच्या वेळी असा एखादा तुमच्या स्क्रीनवर आला तर पुढे पाठवण्याआधी एवढंच बघा की तो माणूस स्वतः किती बोलतो, आणि त्याच्या आधीचं वाक्य कुठे आहे.